त्रान्सितो बोलतेय, चोके झालाय

खरं सांगा, समोर पडलेला माणूस नुसता घाबरलाय की मरायला टेकलाय, हे तुम्हाला ओळखता येतं का? लगेच मान डोलवू नका. आमच्या आयोतेंकोत बाराशे माणसं राहतात आणि बाराशेच्या बाराशे जणांना वाटायचं की आपल्याला येतं. सगळे चुकत होते. एकटी बाई चुकत नव्हती, आणि तिचं नावच असं विचित्र की ती बरोबर असली तरी घोटाळा व्हायचा तो झालाच.

त्रान्सितो क्वामात्सी. पंधरा ऑगस्टला, मरियम माता स्वर्गाला गेली त्या सणाला जन्मली, म्हणून पाद्रीबाबांनी दिनदर्शिका बघून हे नाव ठेवलं, त्रान्सितो म्हणजे प्रयाण. आता आमच्या प्वेब्लाच्या डोंगरात काय, सबंध देशातच रस्त्यावर शिट्ट्या फुंकणाऱ्या वाहतूक खात्यालाही त्रान्सितोच म्हणतात. लहानपणी पोरी तिला शिट्टी वाजवून थांबवायच्या. मोठी झाल्यावर तिने त्या नावाची सगळी भरपाई वसूल केली. सरकारी कचेरीच्या दारावर थाप मारून "त्रान्सितो!" असं खणखणीत म्हटलं की आतले बाबू आधी खिडकीशी धावायचे, आपली गाडी कुठे उभी केलीय ते बघायला. ते वळून येईपर्यंत बाई खुर्चीत बसलेली असायची. मीही गावकामासाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवणारी बाई, पण ही युक्ती मला जन्मात जमली नसती. माझं नाव साधं आहे.

तिचा बाजारात जडीबुटीचा ठेला होता, आणि गावच्या आरोग्यघराची किल्लीही तिच्याच कमरेला. डॉक्टरीणबाई शहरातून फक्त मंगळवारी यायच्या. म्हणजे आम्ही आजारी पडायचं ते वार बघून. उरलेले सहा दिवस गावाला दोन्या त्रान्सितो. आमच्याकडे मानाच्या बाईला दोन्या म्हणतात. एका हातात पाल्याची जुडी, दुसऱ्या हातात रक्तदाबाचं यंत्र. शहरातले शिकलेले लोक म्हणायचे, दोन्हीपैकी एक सोडा. ती म्हणायची, "तुम्हाला दोन हात कशाला दिलेत देवाने?"

आमच्याकडे सुस्तो म्हणून एक दुखणं आहे. माणूस दचकला, कुत्रं अंगावर आलं, पुलावरून पाय घसरला, की जीव अंगातून निसटून तिथेच पडून राहतो आणि माणूस रिकाम्या पोत्यासारखा घरी येतो. भूक नाही, झोप नाही, कशात लक्ष नाही. मग पाल्याची जुडी अंगावरून उतरवायची, अंडं फिरवायचं, उसाच्या दारूचा तोंडाने फवारा मारायचा आणि नाव घेऊन जिवाला हाका मारायच्या. हसताय? तुमच्याकडे मीठमोहऱ्या उतरवतात ना? मग गप्प बसा. सुस्तोवर हा इलाज लागू पडतो, मी डोळ्यांनी पाहिलाय. भानगड एवढीच की गावात जो कुणी पांढरा पडेल त्याला सुस्तोच झाला असं ठरायचं.

त्रान्सितोची धाकटी बहीण एर्लिंदा पहिल्या बाळंतपणानंतर पांढरी पडली. अंगाला गार घाम, तहान तहान करत होती, मध्येच भलतंच बोलत होती. सगळे म्हणाले, वेणांनी दचकली, सुस्तो आहे. आईने जुडी उतरवली, शेजारणीने दारूचा घोट पाजला. "आम्ही वरून तिच्या जिवाला हाका मारत होतो," त्रान्सितोने मला एकदाच सांगितलं, "आणि जीव चटईखालून मातीत झिरपत होता. चटई उचलून बघायचं कुणाला सुचलं नाही." एवढंच. त्यावर ती पुन्हा कधी बोलली नाही. पण चौतिसाव्या वर्षी, चार यत्ता शिकलेली बाई, तीन आठवड्यांच्या सहायिका प्रशिक्षणाला शहरात जाऊन बसली आणि तिथून एक शब्द घेऊन आली. चोके.

शब्द नवा नव्हता, तिथेच तर गोम होती. तुमच्याकडे कुणी 'शॉक' म्हणून ओरडलं की लोक आधी मेन स्विचकडे धावतात. तसं आमच्याकडे 'चोके' म्हटलं की लोक रस्त्याकडे धावतात, कुणाचा ट्रक कुणावर आदळला ते बघायला. गाड्यांची धडक म्हणजे चोके, आणि डॉक्टरांच्या पुस्तकात माणसाच्या अंगातलं रक्त फिरेनासं झालं तोही चोकेच. पहिल्या सभेत तिने उभं राहून सांगितलं, "बाळंतिणीला चोके होऊ शकतो." मागून ओनेसिमो खाटीक म्हणाला, "मग तिला गाडी चालवायला देऊच नका!"

हशा पिकला. त्रान्सितो बधली नाही. तेव्हा माझं आणि पाणी समितीचं नळाचं भांडण चालू होतं, गावभर टाक्या आणि पाइप याशिवाय विषय नव्हता. तिने तोच धरला.

"नळाला पाणी यायला काय लागतं? टाकीत पाणी, ढकलायला मोटर आणि धड पाइप. चोके म्हणजे नळ कोरडा. आता का कोरडा ते शोधा. टाकी फुटली असेल, म्हणजे रक्त वाहिलं, नाहीतर जुलाबातून, भाजलेल्या कातडीतून अंगातलं पाणी गेलं. मोटर बसली असेल, म्हणजे काळीज. किंवा पाइपच एकाएकी ढिले पडून ओढ्याएवढे रुंद झाले. विषारी डंख, रक्तात गेलेला पू, मोडलेला कणा, यांनी होतं तसं. पाणी तेवढंच, पण जोर कुठून येणार?"

"आणि पाइपात बोळा अडकला तर?" मी विचारलं. आमच्या गल्लीत तेच झालं होतं.

"तर तोही चोकेच. छातीत रक्ताची गुठळी अडकते. ते माझ्या हातातलं नाही, शहराकडे पळायचं."

"मग सुस्तो?" ओनेसिमोने टोकलं.

"सुस्तोत पाणी आहे, मोटर आहे, पाइप आहेत. फक्त घरमालक पळून गेलाय. त्याला हाका मारायच्या. पण आधी नळ सोडून बघायचा, मग हाका!"

नळ सोडून बघायचा म्हणजे नख दाबायचं. दाबलं की पांढरं होतं, सोडलं की 'आवे मारिया' म्हणेपर्यंत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. फक्त पहिले दोन शब्द म्हणायचे. "सगळी प्रार्थना म्हणत बसाल तर पाठोपाठ दफनाचीही म्हणावी लागेल." शिवाय नाडी सुतासारखी बारीक आणि पळती, श्वास भरभर, अंग गार आणि चिकट, माणूस बावचळलेला, सकाळपासून लघवी नाही. ही सगळी चोकेची पावलं.

झालं. महिन्याभरात सबंध गावाला चोके होऊ लागला. सुस्तो मागे पडला, चोके शहरी होता ना! सासूशी भांडण झालं की सून नख दाबून घ्यायला हजर. त्रान्सितो दाबायची, आवे मारिया म्हणायची आणि म्हणायची, "गुलाबी! घरी जा, तुझी टाकी भरून वाहतेय, तोंडावाटे."

खरे चोकेही आलेच. टोमणे मारणाऱ्या ओनेसिमोनेच हाडावरून सुरा घसरून स्वतःची मांडी फाडली. भावाने, पद्धतच आहे आमच्याकडे, जखमेत मूठभर कॉफीची पूड कोंबली. त्रान्सितोने येऊन आधी भावाच्या मुस्काटात दिली, मग स्वच्छ फडकं घेऊन सगळ्या वजनानिशी जखमेवर दाबून बसली ती अर्धा तास. पाय उंचावर, अंगावर घोंगडी, आणि दारूचा थेंब नाही. ओनेसिमो दारूसाठी रडत होता. "प्यायला काही नाही, पाणीसुद्धा. शिवायला गुंगी देतील तेव्हा ओकून छातीत जाईल."

त्यानंतर लोकांनी 'पाय वर' एवढंच पाठ केलं. बँडमधला नाबोर, मोठा भोंगा वाजवायचा तो, मिरवणुकीत छाती धरून बसला, तर चौघांनी झडप घालून त्याचे पाय आभाळात नेले. बिचारा निळा पडला. "सोडा रे, मेल्यांनो! त्याची मोटर बसलीय, वर आणखी पाणी कशाला लोटताय? टेकवून बसवा!" आणि दोन्या प्रिस्काचं तर कुणाला कळलंच नसतं. पायाच्या अंगठ्याची जखम चिघळलेली, पण चेहरा लालबुंद, हात गरम, बोलणं असंबद्ध. मुलगा म्हणाला, आई प्यायलीय. त्रान्सितोने श्वास मोजले, जखम हुंगली आणि म्हणाली, "पू रक्तात उतरलाय. हा चोके आधी गरम असतो, गार झाल्यावर येऊ नका, आत्ताच न्या." सहा दिवस शिरेतून औषध आणि सलाइन घेऊन प्रिस्का परत आली आणि आधी मुलाला धुतला.

पण डंखाच्या चोकेला नुसतं पाय वर करून भागत नाही. त्याला अॅड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं, आणि तेही तिथल्या तिथे. ते आरोग्यघरात नव्हतं. त्रान्सितोने तीन वर्षांत तीन अर्ज केले. उत्तर आलं, सहायिकेला तापाच्या गोळ्या पुरेशा आहेत. वाचून माझं डोकं असं सणकलं की मी तो कागद कचेरीत परत नेऊन साहेबाच्या टेबलावर चिकटवला, डिंकाने. शेवटी डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या बॅगेतली एक कुपी दिली, लेखी सूचनेसकट. मोठ्या माणसाला अर्धी, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. पाच मिनिटांत उतार नाही पडला तर उरलेली अर्धी. म्हणजे आख्ख्या गावाच्या वाट्याला दोन टोचण्या. त्रान्सितो ती कुपी पत्र्याच्या डबीत घालून ठेल्याखाली सावलीत ठेवायची आणि बाजार उठला की आरोग्यघरात न्यायची. नवऱ्याला इतकं जपलं नव्हतं तिने.

शहाण्णव सालच्या मे महिन्यातला रविवार. बाजार गच्च. तिच्या ठेल्यासमोर तिचा कोंपाद्रे बसायचा, दॉन वुल्फ्रानो तेकुआपेत्ला, मधवाला. कोंपाद्रे म्हणजे त्याच्या मुलीच्या बारशाला ही धर्ममाता उभी राहिलेली, सख्ख्या भावापेक्षा जवळचं नातं; ती त्याची कोमाद्रे. वुल्फ्रानोचा दिमाख असा की चाळीस वर्षं उघड्या हातांनी पोळी काढतो, माश्या आपल्याला ओळखतात. गिऱ्हाइकांना तेच सांगून मध विकायचा. त्या दिवशी बाटलीवर बसलेली एक माशी त्याच्या कानामागे डसली. त्याने ती टिचकीने उडवली आणि म्हणाला, "लाडात आलीय."

थोड्याच वेळात तो तळहात खाजवायला लागला. मानेवर गांधी उठल्या, तोंड लाल झालं. "कोमाद्रे," तो त्रान्सितोला म्हणाला, "मला कसंतरीच होतंय. मी मरणार असं वाटतंय." बोलून उठायला गेला आणि बाजूच्या दोन्या काताच्या टोमॅटोच्या ढिगात तोंडावर कोसळला.

"रक्त! रक्त!" कुणीतरी किंचाळलं.

"रक्त कसलं, माझा माल आहे तो!" काता ओरडली.

त्रान्सितो ठेल्यावरून उडी मारून आली, बावन्नाव्या वर्षी. त्याला उताणा केला, नख दाबलं. आवे मारिया झालं, नख पांढरंच. श्वासाला बारीक शिट्टी. "माशी चावली ना?"

वुल्फ्रानोने डोळे उघडले. शेजारी गिऱ्हाइकं उभी, बाटल्या मांडलेल्या. मरता मरता माणूस अब्रूचा हिशेब करतो तो असा. "माशी? मला? छे. तो... तो टर्की अंगावर आला. दचकलो. सुस्तो झालाय."

"माझा टर्की?" पलीकडचा पाखरंवाला उसळला. "पाय बांधलेत त्याचे! निष्पाप जनावरावर आळ घेता?"

एवढ्यात वुल्फ्रानोची बायको एदुविहेस अंडं आणि जुडी घेऊन धावत आली. "सुस्तो म्हणाले ना हे? उठा हो, उभे राहा, मी उतरवते." आणि काखेत हात घालून त्याला उभा करू लागली.

"हात काढ! उभा केलास तर विधवा होशील!" त्रान्सितो गरजली. मग तिने एक नजर वुल्फ्रानोकडे टाकली. त्याच्याशी वाद घालायला वेळ नव्हता, आणि त्याचं नाक कापायची ही वेळ नव्हती. "आण ती जुडी इकडे. सुस्तोच आहे. पण हा खोल गेलाय, मांडीत उतरलाय. आडवं ठेवूनच काढावा लागेल. तू पाय धर," हे मला, "टोमॅटोच्या खोक्यावर ठेव. आणि कोंपाद्रे, टोचेल हं, सुस्तो निघताना टोचतोच."

डाव्या हाताने तिने कपाळावरून जुडी फिरवली, "वुल्फ्रानो, ये, तिथे थांबू नकोस, घरी ये," आणि उजव्या हाताने नव्या कोऱ्या विजारीतून मांडीत अर्धी कुपी घातली. एदुविहेस भक्तिभावाने क्रूस करत होती. इतक्या वर्षांत मी पुष्कळ ढोंगी पाहिलेत. ते ढोंग नव्हतं. नंतर तिला विचारलं तर म्हणाली, "मीही त्याला परत बोलावत होते, औषधही बोलावत होतं. कुणाचं ऐकून आला ते त्याला विचार."

शिट्टी कमी झाली. पण नख अजून फिकट. हॉस्पिटल शहरात, पन्नास मिनिटं खाली. समोरच टेलिफोनचं दुकान, तिथून वुल्फ्रानोवर नजर ठेवता येत होती. दुकानवाली चाबेला ज्याचा फोन येईल त्याला भोंग्यावरून हाक मारायची. गडबडीत भोंगा बंद करायचा राहिला, म्हणून पुढचं सगळं संभाषण बाराशे लोकांनी ऐकलं. त्रान्सितोने फोन लावला तो शहरातल्या आणीबाणी कक्षाला, अपघात असो की आजार, सगळी मदत तिथूनच सुटते. मी शब्द न् शब्द देते.

"आणीबाणी कक्ष, बोला."

"त्रान्सितो बोलतेय, आयोतेंकोहून. चोके झालाय, लवकर पाठवा!"

"त्रान्सितो? कुठल्या चौकीची?"

"कसली चौकी? बाजारातली!"

"बरं. कोण आहे?"

"वुल्फ्रानो!"

आमच्याकडे ट्रकच्या कपाळावर नावं रंगवलेली असतात, हे ध्यानात घ्या. पलीकडच्याने लिहून घेतलं. "वुल्फ्रानो. मॉडेल?"

त्रान्सितोला वाटलं, शहरात वय असंच विचारत असतील. "बासष्ट!"

"बासष्टचा? आणि अजून चालतो?"

"सकाळपर्यंत डोंगर चढत होता!"

खालून, टोमॅटोतून, वुल्फ्रानोचा क्षीण आवाज आला, "एकसष्ट. पुढच्या महिन्यात बासष्ट."

"रंग?"

"आधी लाल झाला, आता पांढरा पडतोय!"

"रंग उडालाय. काही गळतंय?"

"घाम! आणि आतून शिट्टी वाजत होती, ती आत्ता कमी झाली."

"घाण? बरं, तेल असेल. आडवा झालाय का?"

"मीच आडवा केलाय."

"तुम्ही? एकट्यांनी?"

"बाजारातली एक बाई होती मदतीला. पाय वर केलेत."

"चाकं वर. रस्ता अडलाय?"

"सगळा बाजार अडलाय, बाबा! येताय का नाही?"

"हलवू नका. खालच्या फाट्यावरच आमची एक आहे, वीस मिनिटांत पाठवतो."

बाई समाधानाने परत आली. वीस मिनिटांनी खरंच पिवळा दिवा फिरवत गाडी आली. रुग्णवाहिका नव्हे. क्रेन. बिघडलेले ट्रक उचलून नेते ती, मागे उतरता सपाट फलाट असलेली. तिच्यामागून मोटरसायकलवरून बॅरिएन्तोस नावाचा वाहतूक हवालदार आला, हातात फीत आणि खडू घेऊन उतरला.

"वुल्फ्रानो कुठाय?"

सगळ्या बाजाराने खाली बोट दाखवलं.

"हा मालक. गाडी कुठाय? बासष्ट मॉडेल?"

"हाच!" पाखरंवाला म्हणाला. "आणि टर्कीने धडक दिली असं लिहू नका!"

हवालदाराला काही सुधरेना. सवयीने त्याने वाकून वुल्फ्रानोभोवती खडूने रेघ मारायला सुरुवात केली, आणि एदुविहेसने हंबरडा फोडला. अशी रेघ मेलेल्या माणसाभोवती मारतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"ही आमची कामगिरी नाही, सेन्योरा," हवालदार ताठ झाला. "रुग्णवाहिका बोलवा."

त्रान्सितो उभी राहिली. "माझं नाव काय?"

"ते... त्रान्सितो म्हणालात."

"मग वाहतूक खातं मीच. चढवा!"

क्रेनचा ड्रायव्हर लादिस्लाओ समंजस निघाला. त्याने फलाट उतरवला, कुणीतरी गादी आणली. फलाट पुढून किंचित उंच राहतो. त्रान्सितोने ते एका नजरेत हेरलं आणि वुल्फ्रानोचं डोकं मागे, उताराकडे, पाय पुढे चढाकडे ठेवले. चाकं बांधायच्या पट्ट्यांनी त्याला गादीसकट बांधला. वर घोंगडी. ती आणि मी दोन बाजूंना बसलो, एदुविहेस पुढे ड्रायव्हरजवळ, हातात अंडं. हवालदार मोटरसायकलवरून शिट्टी फुंकत पुढे. अशी वरात आमच्या रस्त्याने आजवर पाहिली नव्हती.

अर्ध्या वाटेवर, पाइनची झाडं संपतात त्या वळणावर, त्रान्सितोचा चेहरा बदलला. तिने नख दाबलं. आवे मारिया, आवे मारिया, आवे मारिया. पांढरंच. वुल्फ्रानो मला आईच्या नावाने हाक मारायला लागला. "थांबव रे!" तिने ड्रायव्हरच्या छपरावर मूठ आपटली. गाडी थांबली. उरलेली अर्धी कुपी तिने सिरिंजमध्ये ओढून, सुई झाकून, शालीच्या टोकाला बांधून आणली होती. "यानंतर माझ्याकडे काही नाही," ती मला म्हणाली, त्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, आणि टोचली.

मग आम्ही दोघी त्याला हाका मारत बसलो. या खेपेला जुडी नव्हती. मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवते की नाही ते मला विचारू नका, मी घसा बसेपर्यंत ओरडले. तीन-चार मिनिटं गेली असतील. नाडी आधी तिच्या बोटाला लागली, मग तिने माझं बोट तिथे ठेवलं. वुल्फ्रानोने डोळे उघडून स्वतःभोवतीच्या पट्ट्या बघितल्या. "कोमाद्रे, मला जप्त केलंय का?"

हॉस्पिटलात त्याला सलाइनच्या दोन बाटल्या भरभर चढवल्या, ऑक्सिजन लावला, पुन्हा अॅड्रेनलिन दिलं. माणूस ठिकाणावर आला तसा तरुण डॉक्टर कागद घेऊन बसला. "कशाने झालं?"

"टर्की," वुल्फ्रानो म्हणाला.

"टर्की खाल्ला?"

"दचकलो त्याला."

डॉक्टरने त्रान्सितोकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बाजारात मी तुझी लाज राखली, कोंपाद्रे. इथे राखली तर तू उद्या घरी जाशील, परवा पेट्यांपाशी, आणि तेरवा मी तुझ्या मरणानंतरची नऊ दिवसांची प्रार्थना म्हणत बसेन. तूच बोल. मी मध्ये पडणार नाही."

वुल्फ्रानोने बायकोकडे पाहिलं. ती अंडं घट्ट धरून उभी होती. तो पुटपुटला, "माशी."

"काय?" डॉक्टर.

"मधमाशी! माझी स्वतःची, पाळलेली! घ्या, लिहा!"

अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. डॉक्टरने शांतपणे लिहिलं. म्हणाला, वर्षानुवर्षं डंख खाल्लेल्यालाही एक दिवस असं होऊ शकतं, यात कमीपणा नाही. आता पेट्यांजवळ जायचं नाही, आणि उद्यापर्यंत इथेच राहायचं, कारण काही तासांनी हे पुन्हा उलटू शकतं. "आणि पहिली टोचणी दिली कुणी? ती नसती तर मी कागदच वेगळा भरला असता."

"त्रान्सितोने," हवालदार बॅरिएन्तोस दारातून छाती काढून म्हणाला. खात्याचा अभिमान!

आता पेट्या एदुविहेस सांभाळते, जाळीची टोपी घालून, आणि नवऱ्यापेक्षा जास्त मध काढते. वुल्फ्रानो बाजारात बसतो. बातमी पसरली तर धंदा बसेल अशी त्याला भीती होती, पण झालं उलटं. लोक लांबून येतात. 'धन्यालाच आडवा करणाऱ्या माश्या' म्हणजे मध किती कडक असेल, असं त्यांचं शास्त्र. वुल्फ्रानो आता गळ्यात डॉक्टरने दिलेली चिठ्ठी घालून बसतो आणि दर गिऱ्हाइकाला नख दाबून दाखवतो.

पण त्रान्सितोची डबी रिकामी आहे. त्या रविवारनंतर आम्ही दोघी चारदा कचेरीत गेलो. दरवेळी बाबू खिडकीशी धावले, आपल्या गाड्या बघून हुश्श म्हणाले आणि मागणी विचाराधीन आहे असं म्हणून पुन्हा खाली बसले. विचार चाललाय! माश्या विचार करत नाहीत, घसरलेला सुरा विचार करत नाही, बाळंतिणीचं रक्त विचार करत नाही. डॉक्टरीणबाईंची बदली झाली. आज कुणाला डंख लागला तर गावात खोकं आहे, घोंगडी आहे, त्रान्सितो आहे, आणि टोचायला काही नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, वाचून झालं की हे बाजूला ठेवून झोपू नका. उद्या सकाळी तुमच्या सगळ्यात जवळच्या आरोग्य केंद्रात जा आणि विचारा, डंखाच्या शॉकचं इंजेक्शन आहे का. 'आहे' म्हणाले तर ऐकून परत येऊ नका. कपाट उघडायला लावा, कुपी हातात घ्या, तारीख वाचा. नसेल तर तिथल्या खुर्चीत बसा, आणि आणून देईपर्यंत उठू नका.